टॉकीज रिकामी करणारे आबा

माझ्या बहिणीच्या सासऱ्यांइतकं गाण्यावर प्रेम करणारा माणूस सबंध खानदेशात झाला नाही, आणि गाऊन इतक्या लोकांना उठवून लावणाराही दुसरा झाला नाही. ही दोन्ही विधानं मी जबाबदारीने करतो आहे, कारण त्यांच्या मंडळीत बरीच वर्षं मीही गात होतो. 'गात होतो' हे माझ्या बाबतीत जरा सढळपणे म्हटलं आहे, पण त्याकडे नंतर येऊ. ते धुळ्याचे. घरात, गल्लीत, बाजारात सगळे त्यांना आबा म्हणत. वकिलीची सनद होती, काळा कोट होता, तो खुंटीवर टांगलेलाही असे. पण कोर्टाची पायरी चढणं त्यांनी चाळिशीतच सोडलं होतं. कारण विचारलं तर सांगत, "तिथे प्रत्येक जण वेगळ्या पट्टीत बोलतो. डोकं उठतं." एकदा म्हणे समोरच्या बाजूचे वकील रंगात येऊन बोलत होते आणि आबा हरकत घ्यायला उभे राहिले. न्यायाधीशांनी विचारलं, हरकत कशाला? आबा म्हणाले, "मुद्द्याला नाही. मुद्दा बरोबर आहे. त्यांना आवाज जरा खाली घ्यायला सांगा." आबांचा पक्षकार तो खटला हरला आणि आबांनी कोट खुंटीला लावला. शिंदखेड्याकडे कापसाची थोडी जमीन होती, तिच्यावर घर चालायचं. आबा मोकळे झाले ते गाण्यासाठी.

तेही चारचौघांचं गाणं नव्हे. नाटकातली पदं त्यांच्या लेखी कालची, सिनेमातली गाणी तर अजून जन्मलेलीच नाहीत. पेटी हे वाद्य त्यांनी घरातून हद्दपार केलं होतं. शेजारी कोणी पेटी वाजवू लागलं की ते खिडक्या लावून घेत, जणू कोणी मिरच्या भाजतंय. त्यांना गायचं असे ते ध्रुपद. तरुणपणी तापीकाठच्या एका गावातल्या देवळात ते त्यांच्या गुरुजींकडे शिकले. त्या देवळात ध्रुपदं एकट्याने गायची नाहीत, पाच गळे मिळून गायची अशी जुनी रीत होती. संथ आलाप, मग पखवाजाचा ठेका, आणि एकेक ओळ अशी सावकाश उलगडायची की ऐकणाऱ्याला वाटावं, गाणारे पुढचं विसरले असावेत. गुरुजी गेले, बाकीचे गळेही गेले आणि त्या साऱ्या रचना एकट्या आबांच्या डोक्यात उरल्या. त्या पुन्हा दुसऱ्या गळ्यांत घालायच्या म्हणून त्यांनी मंडळी उभी केली. "हौस म्हणून नाही," ते बजावत. "आपण धंदेवाईक गवई आहोत. बोलावणं येईल, बिदागी ठरेल, तर गाऊ. फुकट ऐकणारा माणूस ऐकत नाही." बिदागी देऊन ऐकणारेही ऐकत नाहीत, हे मला फार लवकर कळलं.

आबांचा कान हा त्यांच्या घरच्यांना लागलेला एक ताप होता. भांडं पडलं तर बाकीची माणसं काय फुटलं ते विचारतात. आबा ते कुठल्या सुरात पडलं ते सांगत. धुळ्याहून चाळीसगावला जाणाऱ्या गाडीची शिट्टी उतरली की इंजिन बदललं, हे त्यांना घरबसल्या समजे. माझ्या बहिणीला पाहायला ते आमच्याकडे आले तेव्हा आईने तिच्याकडून दोन गाणी बसवून घेतली होती. आबांनी गाणं ऐकलंच नाही. म्हणाले, "मुली, अंगणात जा आणि तुझ्या भावाला हाक मार." तिने मारली. मी गोठ्याकडे होतो, धावत आलो. "हाक चांगली आहे," आबा म्हणाले, आणि लग्न ठरलं. बहीण अजूनही सांगते, "मला पसंत केलं नाही, माझ्या हाकेला पसंत केलं." आबांची आणि तिची मात्र पहिल्या दिवसापासून गट्टी जमली. घरात त्यांना चार शब्द ऐकवू शकणारी ती एकटीच होती.

माझी भरती झाली ती शिंकेमुळे. मी तेव्हा जळगावला एका शाळेत भूगोल शिकवत होतो. दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडे धुळ्याला गेलो असता ओसरीवर मला शिंक आली. आत तानपुरा लावत बसलेले आबा बाहेर आले. "मास्तर, पुन्हा शिंका," म्हणाले. शिंक अशी मागून येत नाही, असं मी नम्रपणे सांगितलं. मग त्यांनी मला 'आ' करायला लावलं, बराच वेळ करायला लावलं, आणि शेवटी आनंदाने म्हणाले, "तुमच्या गळ्यात षड्ज आहे." मी संकोचून मान खाली घातली. "दुसरं काही नाही," ते म्हणाले. "फक्त षड्जच आहे. पण तो आहे." तेव्हापासून मी आबांच्या मंडळीत 'सा' धरू लागलो. आबा गात, एक कंपाउंडर त्यांना साथीला गात, नाना नावाचे आबांचे जुने मित्र पखवाज वाजवत, आणि या सगळ्याच्या मागे, आरंभापासून शेवटापर्यंत, मी एकच सूर लावून बसे. तानपुरा असताना माझी गरज काय, असं मी एकदा धीर करून विचारलं. "तारेला जीव नसतो," आबा म्हणाले. "माणसाचा सूर हलतो, थकतो, सावरतो. त्यावर गायला आधार वाटतो." माझ्या थकण्याचं कोणी पूर्वी कधी कौतुक केलं नव्हतं, त्यामुळे मी राहिलो. घरात ते मला 'मास्तर, तुम्ही' म्हणत, कारण मी सुनेचा भाऊ. तानपुरा हातात आला की 'तू' वर येत, आणि ते 'तू' मला पाहुण्याच्या मानापेक्षा मोठं वाटे.

मंडळीचे नियम कडक होते. गाण्याच्या आधी दोन दिवस मिरची बंद. आता खानदेशात राहून मिरची सोडायची म्हणजे काय, हे बाहेरच्यांना समजणार नाही. नरडाण्याजवळच्या एका गावी लग्नात गायला गेलो तेव्हा आबांनी यजमानांकडे बिनमिरचीचं भरीत मागितलं. यजमान कापसाचे मोठे शेतकरी, मनाचे मोकळे. त्यांनी आबांकडे काळजीने पाहिलं आणि म्हणाले, "आबा, तुम्ले बरं नही शे का? मिरची नही त्याले आम्ही भरीत नही म्हंतस." शेवटी आम्हाला दूधभात मिळाला, तोही पाहुण्यांपासून दूर बसवून, आजाऱ्यांना द्यावा तसा. प्रवासात दोन तानपुरे गोधडीत गुंडाळून तिसऱ्या वर्गात न्यायचे. चाळीसगावला गाडी बदलताना एका तिकीट तपासनिसाने गोधडीतल्या भोपळ्यांना हात लावून विचारलं होतं, "या डांगरांचं लगेज केलंय का?" आबांनी त्याला तानपुरा उघडून दाखवला, लावून दाखवला, आणि आमची जळगावची गाडी निघून गेली.

त्याच नरडाण्याकडच्या लग्नात आमचं नशीब उघडलं. जेवणं झाली होती, मांडवात माणूस मावत नव्हता. वऱ्हाडी पत्ते कुटत होते, पोरं पळत होती. आबांनी डोळे मिटून आलाप सुरू केला. डोळे मिटायची त्यांची पद्धतच होती. मला ती सोय नव्हती, कारण त्यांच्या हाताच्या खुणेवर मला श्वास घ्यायचा असे. त्यामुळे जे घडलं ते मी पूर्ण पाहिलं. आधी पोरं गेली, मग बायका, मग पत्तेवाले आपली सतरंजी उचलून घेऊन गेले. पखवाज सुरू होईपर्यंत मांडवात नवरदेवाचे एक चुलते आणि जळगावचे एक गुजराती शेठ एवढेच राहिले होते. चुलत्यांना ऐकू येत नसे. शेठ मात्र खांबाला टेकून मांडवाकडे अशा नजरेने पाहत होते की जणू त्यांना दृष्टान्त झाला. गाणं संपल्यावर ते पुढे आले, आबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आबासाहेब, जळगावला माझी टॉकीज आहे. दर रविवारी तिथे गाल?"

दर रविवारी दुपारचा खेळ सुटला की संध्याकाळच्या खेळापर्यंत मधल्या वेळात गायचं, असं ठरलं. बिदागी आबा मागतील ती. आबांनी ठरवून घेतली, कारण आम्ही धंदेवाईक होतो. मला तर आभाळ ठेंगणं झालं. सोमवारी शिक्षकांच्या खोलीत मी, आपल्याला टॉकीजमध्ये गायला बोलावलंय, असं दोनतीनदा वेगवेगळ्या निमित्तांनी सांगितलं. मुख्याध्यापकांनी डोळे वर करून "तुम्हाला?" एवढंच विचारलं. त्या एका शब्दात त्यांनी माझं जे मूल्यमापन केलं ते पुढे खरंच ठरलं, पण त्या दिवशी मी त्यांना अरसिक ठरवून मोकळा झालो. आबा, नाना आणि कंपाउंडर दर रविवारी पहाटेच्या गाडीने धुळ्याहून निघत, चाळीसगावला गाडी बदलून जळगावला येत, आणि मी स्टेशनवर त्यांना घ्यायला धोतर-कोट घालून उभा असे. वर्गातल्या मुलांना वार्ता लागायला वेळ लागला नाही. मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून कोणीतरी बारीक आवाजात 'आऽऽ' लावी. सूर उतरलेला असे. ते मला अपमानापेक्षा जास्त लागे, यावरून आबांचा संसर्ग मला किती झाला होता ते समजावं.

टॉकीजमध्ये पहिल्या रविवारी लोकांनी आम्हाला पाहून शिट्ट्या वाजवल्या. पडद्यासमोर सतरंजी घातली होती. आबांनी आलाप सुरू केला आणि पाहता पाहता खुर्च्या, बाकं, पुढचं स्वस्त तिकिटाचं पीट, सगळं मोकळं झालं. मला वाटलं, सवय नाही बिचाऱ्यांना. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी मी लोक उठत असताना सूर जरा गोड करण्याचा प्रयत्न केला, तर आबांनी हातानेच दटावलं. मग एकदा दारावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराने मला चहा पाजला. तो पारोळ्याकडचा. चहा ओतता ओतता म्हणाला, "मास्तर, तुमनी मंडळी उनी तधळपासून मनी काठीले कामच नही शे." मला अर्थ लागेना. मग त्याने समजावून सांगितलं. दुपारचा खेळ सुटला तरी लोक बाहेर जात नसत. आत पंखे, आत सावली. बाकाखाली लपून पुढचा खेळ फुकट पाहणारेही असत. रखवालदाराने काठी आपटली, शेठनी दिवे लावले, घंटा बडवली, काही उपयोग झाला नाही. "तुमनं आऽऽ सुरू व्हयनं का बठ्ठा लोके उठी जातस," तो कृतज्ञतेने म्हणाला. "भलतं बेस काम शे."

चहा मी तसाच खाली ठेवला. मला स्वतःचं फारसं दुःख नव्हतं. एक सूर धरणाऱ्या माणसाला गर्व धरायला जागाच कमी असते, आणि होती तेवढी मी शिक्षकांच्या खोलीत वापरून टाकली होती. पण आबांना हे कसं सांगायचं? साठी उलटलेला माणूस, दर रविवारी पहाटे उठून, मिरची सोडून, डांगरांसारखे तानपुरे सांभाळत येतो, तो काठीऐवजी. मी धुळ्याला जाऊन बहिणीला सांगितलं. ती शेंगा निवडत होती. "सांगून टाक," म्हणाली. "दुसऱ्या कोणी हसत सांगण्यापेक्षा तू सांगितलेलं बरं. आणि उपाशीपोटी सांगू नको." म्हणून पुढच्या रविवारी गाणं झाल्यावर, स्टेशनजवळच्या खानावळीत आबांचं जेवण होईपर्यंत मी थांबलो आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. नाना पखवाजाच्या खोळीचा बंद सोडत आणि बांधत राहिले.

आबांनी ताकाची वाटी संपवली. "मला पहिल्याच दिवशी समजलं," ते म्हणाले. "आपण गात असताना शेठ आपल्याकडे पाहत नव्हते. दारांकडे पाहत होते."

"मग आपण का गातो, आबा?"

"आमच्या गुरुजींच्या देवळात दगडी मंडप होता. आवाज सोडला की तो फिरून परत यायचा. आपण गातोय आणि गुरुजींच्या आधीचे लोक मागून साथ करताहेत, असं वाटायचं. ते देऊळ सोडल्यापासून परत येणारा आवाज मला कुठे मिळाला नाही. या टॉकीजमध्ये मिळाला." मग म्हणाले, "पण माणसं असली की येत नाही. अंगं, कपडे, पागोटी, सगळं आवाज पिऊन टाकतं. म्हणून ती जाईपर्यंत मी आलाप लांबवतो. शेठना जे हवंय तेच मला हवंय."

म्हणजे इतके रविवार मी उठणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर मनातून थोडा थोडा मरत होतो, आणि माझ्या शेजारी बसलेला माणूस मिटल्या डोळ्यांनी ते कधी जातात याची वाट पाहत होता.

त्यानंतर आम्ही निर्धास्त गाऊ लागलो, आणि नेमकं तेव्हाच बिघडायला लागलं. एका रविवारी मागच्या बाकावर एक माणूस बसून राहिला. कापसाच्या गाड्या हाकणारा होता. रखवालदाराने हटकलं तर म्हणाला, बैल दमलेत, बसू दे. पुढच्या रविवारी तो आणखी दोघांना घेऊन आला. मग एक शिवणकाम करणारी बाई मुलाला मांडीवर घेऊन थांबू लागली. त्यांच्यातल्या एकाला मी बाहेर गाठून, काय आवडतं, असं जरा आशेने विचारलं. तो म्हणाला, "ते म्हातारे आबा गातात ते आम्हाला कळत नाही. पण तुम्ही मागे एकच बोंबलत राहता ना, त्याने बरं वाटतं. झोप लागते." माझ्या गाण्याबद्दल ऐकणाऱ्यांपैकी कोणी काढलेले एवढेच बरे उद्गार आहेत, आणि मी ते जपून ठेवले आहेत. माणसं मात्र वाढत गेली. आबा कुरकुरू लागले, "आवाज खातात हे लोक." आलाप ते आणखी लांबवत. लोक आणखी टेकून बसत.

मग ऐन वैशाखात एका रविवारी वीज गेली. पंखे थांबले, दिवे गेले, आत काळोख आणि भट्टीसारखा उकाडा. मला वाटलं, आज आपल्याला काही करायलाच नको, हे आपोआप जातील. पीट भरलेलं होतं. आबा थांबले. कोणी उठत असल्याची चाहूल ते घेत होते. कोणी उठलं नाही. बाकांवरून कुठूनसा एक पुरुषी आवाज आला, "गा ना आबा. आम्ही आहोत." आबांनी गुरुजींची एक रचना घेतली, पहाटे गाई रानात सोडतानाची, जी त्यांनी मंडळीत तोवर कधीच काढली नव्हती. त्या दिवशी भिंतींवरून काही परत आलं नाही. परत यायला जागाच नव्हती. पण अंतऱ्याला गळा चढवताना आबांचा आवाज मध्येच फाटला, आणि सगळ्या काळोखात कोणी हसलं नाही, कोणी खोकलं नाही. मी तेवढा सूर धरून बसलो होतो. आबांनी श्वास घेतला आणि तीच ओळ पुन्हा, जरा खालून, उचलली. त्यांचे डोळे उघडे होते, हे मला दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात दिसलं. गाताना मी त्यांचे उघडे डोळे पहिल्यांदाच पाहत होतो. ते लोकांकडे पाहत होते.

वीज आली तरी कोणी हलेना. बाहेर पुढच्या खेळाचे लोक दार वाजवू लागले. रखवालदार काठी घेऊन आत आला, इकडे तिकडे पाहिलं आणि मला हळूच म्हणाला, "मास्तर, बठ्ठा बशी राह्यनात. आते मी काय करू?" तेव्हा आबा उठले, हात जोडून लोकांना म्हणाले, "आता उठा. मालकांचा पुढचा खेळ आहे." आणि लोक उठले. जाताना पुष्कळांनी सतरंजीच्या कडेला हात लावून नमस्कार केला.

शेठ माणूस सज्जन होते. त्यांनी आम्हाला ऑफिसात बसवलं, खुर्च्या स्वतः ओढून दिल्या, आणि ठरलेली बिदागी मोजून हातात ठेवली. शेवटी म्हणाले, "आबासाहेब, तुमचं गाणं पब्लिकला गमायला लागलं. त्याचाच वांधा झाला." आबांनी समजून मान हलवली. अशा रीतीने लोकांना गाणं आवडल्याबद्दल आम्हाला काढून टाकण्यात आलं. मी शाळेत मुख्याध्यापकांना हे कारण जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी नेहमीप्रमाणे विश्वास ठेवला नाही. स्टेशनवर गाडीची वाट पाहताना मला वाटलं, आबा आपला परत येणारा आवाज गेला म्हणून खिन्न असतील. मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, "परत कशाला यायला हवा? आज तो लोक घेऊन गेले." मग बाकावर मागे टेकून त्यांनी फेरीवाल्याकडून मिरचीची भजी मागवली आणि आम्हा सगळ्यांना खायला लावली.

मंडळी त्यानंतर फार टिकली नाही. कंपाउंडरची बदली झाली, नानांच्या हातांना कंप सुटला, आणि एका सुराची स्वतंत्र मागणी कुठेच नसल्याने मी पूर्ण वेळ भूगोलाकडे परतलो. आबा धुळ्यालाच असत. पुढे पुढे त्यांचा गळा बसला, मग दमा लागला, मग ते बहुतेक खाटेवरच असत. एका सुट्टीत मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा जळगावच्या कापूस बाजारात परवाच पाहिलेली गोष्ट त्यांना सांगितली. एक माणूस गाडीवरून गठ्ठे उतरवताना काहीतरी गुणगुणत होता. मी ओळखीचं वाटलं म्हणून जवळ गेलो, तर ती गाई सोडण्याची रचना. शब्द अर्धेमुर्धे, चाल सिनेमाच्या गाण्यासारखी जरा झुलवलेली. मी त्याला विचारलं नाही, कुठे ऐकलंस.

आबा ऐकत होते. खोलीच्या दारात माझी बहीण काढ्याची वाटी घेऊन थांबली होती. "बेसूर होता का?" आबांनी विचारलं. आवाज अगदी पुसट झाला होता.

"स्थायी बरी होती," मी म्हणालो. "अंतऱ्यात चुकत होता."

"कुठे?"

"तुमचा आवाज फाटला होता तिथे. तिथे तोही थांबायचा, आणि पुन्हा खालून सुरू करायचा. दर वेळी."

आबांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता ते चूक दुरुस्त करून सांगतील, त्या माणसाला शोधून आणायला सांगतील. पण ते म्हणाले, "तसंच राहू दे त्याचं," आणि कुशीवर वळले. बहीण वाटी घेऊन आत आली, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि काढा तसाच झाकून ठेवून पाय न वाजवता बाहेर गेली.